तोंड पुढच्या टोकाकडे

३ फेब्रुवारी
घरून

बारक्या,

अक्षर ओळखून फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. एकोणीस वर्षांतलं पहिलं पत्र आहे, तेवढा तरी मान ठेव.

तुझा पत्ता तुझ्या भाच्याने शोधला. कुठून, कसा, ते काही तो सांगत नाही. तू बोटीवरची नोकरी कधीच सोडलीस आणि आता बंदरात धक्क्यावर जहाजांचे दोर बांधतोस, असं म्हणाला. साठीला आलास ना रे? मला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात. जीभ अजून शाबूत आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

तर बातमी अशी की भाच्याने माझं क्रूझचं तिकीट काढलंय. दहा दिवसांचं, माझं एकटीचंच, कारण त्याला सुट्टी नाही. म्हणतो, "आई, एकतीस वर्षं पोरांना नकाशावर समुद्र दाखवलास, आता एकदा बघून तरी ये." मी म्हटलं, मला नकोत असली थेरं. मग त्याने नकाशा पसरला आणि आठव्या दिवशी जहाज कुठे लागतं तिथे बोट ठेवलं. तुझं बंदर. सकाळी नऊ ते दुपारी चार. लबाड आहे मेला, मामावर गेलाय.

४ मार्च. जमलं तर ये. मी मनात काही ठेवलेलं नाही. आईच्या आजारपणात तू आला नाहीस, ती गेल्यावर उगवलास, मी चार माणसांत बोलले आणि तू आल्या पावली निघून गेलास. मीही माणूस आहे, बोलून गेले. आता मोठी आहे म्हणून मीच मन मोठं करते.

ताई


२६ फेब्रुवारी
जहाजावर, दुसरा दिवस

बारक्या,

तुझं उत्तर मी निघायच्या आदल्या दिवशी हातात पडलं. धन्य आहे तुझी! एकोणीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहितोस आणि त्यात काय, तर "येईन. आमच्याकडे क्रूझची स्टारबोर्ड बाजू धक्क्याला लागते, त्या बाजूला उभी राहा." संपलं. पुढे अख्खं पान जहाजात हरवू नये म्हणून सूचना! मी वाचून आधी चिडले, मग हसले, मग तो कागद पर्समध्ये ठेवला. आता खरं सांगते, कालपासून तोच कागद माझा वाटाड्या आहे.

काल काय झालं ऐक. जेवून वर आले. माझी खोली सातव्या डेकवर, नंबर ७२३८. लिफ्टमधून उतरले, डावीकडे वळले, चालत राहिले. गल्ली तर किती लांब, संपता संपेना. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. शेवटी एका दाराला कार्ड लावलं, लागेना. चार वेळा लावलं. आतून एका टकल्या गृहस्थाने दार उघडलं, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. मी त्यालाच विचारलं, "तुम्ही माझ्या खोलीत काय करताय?" बिचाऱ्याने स्वतःच बाहेर येऊन नंबर वाचला, आपण चुकलो की काय म्हणून.

तेवढ्यात आमच्या खोल्या आवरणारी मुलगी धावत आली. तिने मला माझ्या दारापर्यंत नेलं आणि वाटेत शिकवणी घेतली. माझी! जिने एकतीस वर्षं दिशा शिकवल्या तिची! सम आकडे पोर्टला, विषम आकडे स्टारबोर्डला, म्हणाली. म्हणजे मी बाजूच चुकले होते. लिफ्टमधून निघताना माझं तोंड जहाजाच्या शेपटीकडे होतं, आणि मी माझा डावा हात धरून निघाले होते.

खोलीत आल्यावर तुझा कागद काढला. तू काय लिहिलंयस बघ. "आधी तोंड पुढच्या टोकाकडे कर. मग डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. तू पाठ फिरवलीस तरी त्या फिरत नाहीत. त्या बाजू तुझ्या नाहीत, जहाजाच्या आहेत." हे मी आधी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते टकल्याने दार उघडल्यावर. माझ्या वर्गातली पोरंही अशीच होती, पट्टी बसली की उत्तर दिशा बरोबर सापडायची.

मुलीने अजून एक खूण दाखवली. गल्लीतल्या गालिच्यावर छोटे छोटे मासे विणलेत. सगळ्यांची तोंडं पुढच्या टोकाकडे. "आजी, काही सुचलं नाही तर खाली बघायचं, मासे जातात तिकडे बो, त्यांच्या शेपट्या तिकडे स्टर्न." आता मी मान खाली घालून चालते. लोकांना वाटतं म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

आज सकाळी सुरक्षेची कवायत झाली. सात वेळा भोंगा, मग एक लांबलचक. सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. आमची जागा पाचव्या डेकवर, पोर्टला, मिडशिप म्हणजे मधोमध. मी त्या अधिकाऱ्याला विचारलं, "पोर्टच्या होड्या खराब झाल्या तर आम्ही काय करायचं?" म्हणाला, "चांगला प्रश्न आहे, मॅडम." मला फार बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मॅडम म्हटलं.

आईला तुझी ही सगळी भाषा पाठ होती, आठवतं का रे? तुझं कार्ड आलं की ती मलाच शिकवायची, पोर्ट म्हणजे काय आणि ब्रिज म्हणजे काय. पलंगावरून उठता येत नव्हतं, पण तुझं जहाज आज कुठे असेल ते मला नकाशात काढून दाखवायला लावायची. मी तिचं अंथरूण बदलत असायचे आणि ती विचारायची, आज किती अंश गेला असेल गं बारक्या? असो.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या हातात पडेपर्यंत मीच तिथे पोचेन. भेटले की देईन.

ताई


२८ फेब्रुवारी
चौथा दिवस

बारक्या,

मी आता सराईत झालेय. काल एका जोडप्याला वाट सांगितली, "स्टारबोर्डने सरळ आफ्टला जा, मग दोन डेक खाली." ती दोघं माझ्याकडे बघतच राहिली. मागच्या बाजूला आफ्ट म्हणतात, हे तू लिहिलंच नव्हतंस, आळशा. ते मुलीने सांगितलं.

त्या मुलीबद्दलच लिहायला बसले आहे. आज चादरी बदलताना तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, तर आधी काही नाही म्हणाली, मग घडाघडा बोलली. तिचे वडील दवाखान्यात आहेत. तिला पुढच्या बंदरात उतरून घरी जायचंय. पण तसं उतरता येत नाही म्हणे. तिने अर्ज दिला की कंपनीचं ऑफिस घरी फोन करतं. घरच्या माणसाने सांगायचं की हो, आजार मोठा आहे, हिने यायलाच हवं. तो होकार मिळाला की बदली माणूस पाठवतात आणि मग हिला सोडतात. ऑफिसने तिच्या मोठ्या भावाला तीन वेळा फोन केला. तो उचलतच नाही. दोघांचं पटत नाही.

"आजी, त्याला माहीत नाही हो, त्याच्या एका शब्दावर माझं जाणं अडलंय," म्हणाली.

मी म्हटलं, असेल माहीत नाही. अनोळखी नंबर बघून लोक उचलत नाहीत. मग मी तिला सांगितलं, भावाला निरोप पाठव, शेजाऱ्याकरवी, दवाखान्यातल्या नर्सकरवी, कुणाकरवी पण पाठव. अक्षरशः हात धरून तिला तिच्या सुपरवायझरकडे नेलं. सहावा डेक, पोर्ट, पुढचं टोक. एकदाही चुकले नाही.

तुझ्या कंपनीत पण असंच असायचं का? मला काही कल्पना नाही. तेव्हा तुझ्या भाच्याने तुमच्या ऑफिसात जाऊन आईचं कळवलं होतं, एवढं आठवतं. सोळा वर्षांचं पोर, मला न विचारता गेलं. पुढे ऑफिसात काय झालं, कुणी कुणाला काय विचारलं, देव जाणे. तुला त्यांनी काही सांगितलं होतं का? म्हणजे रजा का नाकारली, ते? सहज विचारतेय.

डोकं दुखतंय. जहाज आज जरा जास्त हलतंय.

ताई


३ मार्च
सातवा दिवस

बारक्या,

उद्या तुझं बंदर.

मुलीच्या भावाने काल होकार दिला. उद्या तिला तुझ्याच बंदरात उतरवणार आहेत, तिची बदली तिथे चढेल. आज ती गाणं गुणगुणत उशा झटकत होती. मला मिठी मारली. मी तिला म्हटलं, पुरे पुरे, माझ्या साडीला चुण्या पडतील.

दुपारी जहाजाच्या वाचनालयात मोठा नकाशा टांगलाय तिथे जाऊन बसले. सवय ना. पट्टी मागून घेतली. एकोणीस वर्षांपूर्वी त्या आठवड्यात तुझं जहाज कुठे होतं ते मला अजून पाठ आहे, आईसाठी रोज काढायचे ना. पुढचं बंदर पाच दिवसांवर होतं. तिथून विमानाने घरी दीड दिवस. म्हणजे सातव्या दिवशी तू दारात असतास. आई सोळाव्या दिवशी गेली.

नऊ दिवस रे. मी तीन वेळा मोजलं.

बारक्या, तुझ्या ऑफिसचा फोन आला होता. मी घेतला होता. मी त्या दिवशी फार दमलेले होते. चार वर्षं मी एकटी आईचं करत होते, शाळा सांभाळून, लेकरू सांभाळून. त्या बाईने काहीतरी विचारलं, मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता नीट आठवतही नाही. मला वाटलं, नुसती चौकशी आहे. उद्या भेटल्यावर सांगेन सगळं. समोरासमोर सांगितलेलं बरं.

तुझी ताई


५ मार्च
दहावा डेक, स्टारबोर्ड, मागची बाजू

बारक्या,

काल मी काहीच सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. आधीची पत्रंही यातच घालतेय, एक शब्द न खोडता. मी कुठे कुठे खोटं लिहिलंय ते तुला दिसू दे. उद्या पुढच्या बंदरात मी स्वतः उतरून हे टपालात टाकणार आहे. कुणाच्या हाती देणार नाही, स्वतःच्या सुद्धा फार वेळ ठेवणार नाही, नाहीतर पुन्हा शेपूट घालेन.

काल सकाळी आठ वाजल्यापासून स्टारबोर्डच्या कठड्याला उभी होते. धक्का जवळ आला तसा तू दिसलास. टोपी घालून, पोट सुटलेलं, एक पाय किंचित ओढत. वरून पातळ दोरी फेकली, ती तू झेललीस, तिच्यामागून तो मनगटाएवढा दोर पाण्यातून ओढून घेतलास आणि लोखंडी खुंटावर चढवलास. मग हात झटकून वर बघितलंस. सात मजल्यांवरून मला ओळखलंस. मी रडले हे तुला तिथून दिसलं नसेल, तर आता सांगते.

गेटबाहेरच्या बाकावर बसलो. तू दोन कप चहा आणलास, माझ्यात साखर कमी, न विचारता. मी पर्स मांडीवर घट्ट धरून होते, ही तीन पत्रं आत होती. म्हटलं, चहा संपला की सांगते. आणि तूच बोलायला लागलास.

"ताई, तू तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालीस, याला आईपेक्षा जहाज मोठं. खरं होतं गं ते. मी कॅप्टनला एकदाच विचारलं. तो म्हणाला, ऑफिसकडून नकार आलाय. मी मान खाली घालून परत कामाला गेलो. दुसरा कुणी असता तर आकाशपाताळ एक केलं असतं, भांडला असता, हट्ट धरून बसला असता. माझी हिंमत नाही झाली. एकोणीस वर्षं तेच खातंय मला. मोठ्या बोटीवर परत पाय ठेवला नाही तो त्यामुळेच. मला माफ कर."

साठ वर्षांचा माझा भाऊ, कागदी कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून माझी माफी मागत होता. आणि मी काय म्हटलं? "जाऊ दे रे, झालं गेलं. मी कधीच विसरले." तुझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. माझा हात झडला का नाही रे तेव्हा?

आता ऐक. नीट आठवतंय मला, शब्द न् शब्द. दुपारचे तीन वाजले होते, मी नुकतीच शाळेतून आले होते. ती बाई फार सभ्यपणे बोलली. म्हणाली, "तुमच्या भावाने रजा मागितली आहे. आईंची तब्येत गंभीर आहे का? त्यांनी यायलाच हवं का? तुमच्या होकारावर आम्ही त्यांना पुढच्या बंदरात उतरवू." इतकं स्पष्ट. नुसती चौकशी नव्हती. मला कळलं होतं. भूगोलाच्या बाईला पुढचं बंदर म्हणजे काय ते कळत नाही का?

तेव्हा आतून आई विचारत होती, "कुणाचा फोन गं? बारक्याचा का?" सकाळपासून तिचं हेच चालू होतं. मी रात्रंदिवस तिच्या उशाशी, आणि तिच्या तोंडी तू. मी तिचं डोकं पुसलं की म्हणायची, बारक्याचे हात कसे गार असायचे. माझ्या हातांचं काय गं आई, असं एकदाही विचारलं नाही मी. गिळत गेले. तो सगळा गिळलेला राग त्या दिवशी वर आला. मी त्या बाईला म्हटलं, "यायची काही गरज नाही. इथे सगळं ठीक आहे. त्याला म्हणावं, तू तुझं काम कर." तिने पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

आणि आत जाऊन आईला सांगितलं, शाळेतून फोन होता.

पुढचे सोळा दिवस मला रोज वाटायचं की आता फोन करावा, आता करावा. नंबर लिहून ठेवला होता. केला नाही. आधी राग होता म्हणून, मग भीती वाटली म्हणून. तू आल्यावर पहिला प्रश्न विचारशील, "कंपनीने नाही का म्हटलं?" आणि मी उघडी पडेन. म्हणून तू दारात आलास तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मीच ओरडले. सगळ्यांसमोर. चोराच्या उलट्या बोंबा, आणखी काय.

बाकावरून उठताना तू एक विचारलंस. "आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली होती का गं?" मी म्हटलं, शुद्धीत नव्हती रे ती.

चार वाजता तूच आमचे दोर सोडलेस. खुंटावरून दोर काढलास, पाण्यात टाकलास, आणि टोपी काढून हात वर केलास. किती हलका दिसत होतास तू. एकोणीस वर्षांचं ओझं बाकावर ठेवून आल्यासारखा. मी ते तुला ठेवू दिलं, आणि ते तुझं नव्हतंच. जहाज वळलं तसा तू दिसेनासा झालास, मी धावत मागच्या टोकाला गेले. शिड्यांवर गुडघे मोडले. तिथूनही तू दिसला नाहीस.

तुझी माफी मी घेतली, ती परत घे. तुझी काही चूक नव्हती. तू विचारलं होतंस. नकार कंपनीचा नव्हता, कॅप्टनचा नव्हता, माझा होता. भाच्यालाही घरी गेल्यावर सांगणार आहे. मला माफ कर, असं मात्र लिहीत नाही. काल तू माझ्यासमोर बसला होतास, तेव्हा मागायची होती, तेव्हा मी तुझी घेत बसले.

तू पुन्हा पत्र पाठवलं नाहीस तर मी समजून घेईन. फक्त एक गोष्ट तुझी आहे, ती माझ्याकडे राहिलीय, ती देते.

आई शुद्धीत होती. शेवटच्या दिवशी सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बारक्या आला की त्याच्यावर ओरडू नकोस हं. दमून आलेला असेल पोरगा."

ताई